डिव्हायडर देशमाने यांचं वजन

पुढे जे सांगणार आहे ते जसंच्या तसं घडलं, याची खात्री मी देऊ शकत नाही. पंचाहत्तरीला आलोय. परवाच मी बायकोला एक किस्सा रंगवून सांगितला. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि मग म्हणाली, "छान. पण हा मीच तुम्हाला मंगळवारी सांगितला होता." तेव्हा माझ्या आठवणींवर किती भरवसा ठेवायचा, हे तुमचं तुम्ही ठरवा.

बोक्याचे किस्से बोक्याच्या केसांसारखे असतात. रोज झाडून काढावेत, तरी सोफा सरकवला की मूठभर निघतातच. आमच्याकडे असा एक बोका सहा वर्षांपूर्वी आला. त्याच्या पायी मी जितका वैतागलो तितका छत्तीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवताना वैतागलो नव्हतो. तिथं निदान दिवाळीची सुटी तरी असायची!

* * *

बोका यायचं कारण म्हणजे माझी निवृत्ती. निवृत्त झाल्यावर मी घरात लक्ष घालायला लागलो. गॅसचा कॉक नीट बंद झाला का, दूध किती अंशांवर उतू जातं, टाकीच्या पाण्यात क्षार किती. माझी पीएच.डी. पाण्यातल्या क्षारांवरचीच, आणि सोलापूरच्या पाण्याला क्षारांची काही कमी नाही. सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, हे बरीच वर्षं सहन केलं. मग एक दिवस म्हणाली, "अहो, तुम्हाला काळजी करायला काहीतरी आणू या. माझी आता पुरे झाली."

शहराच्या पूर्व भागात नागमणी आक्का नावाच्या बाई एका जुन्या यंत्रमागाच्या शेडमध्ये टाकलेली, जखमी मांजरं सांभाळतात. घराणं विणकराचं. घरात तेलुगू बोलतात, आमच्याशी सोलापुरी मराठी आणि मांजरांशी दोन्ही. मला वाटलं होतं, आपण जाऊ, एक गोजिरवाणं पिल्लू उचलू आणि येऊ. आक्कांनी शंभर पानी वही उघडली आणि माझी मुलाखत सुरू केली.

"शिक्षण?"

"एम.एस्सी., पीएच.डी."

"म्हंजे डॉक्टर?"

"तसा डॉक्टर. पण दवाखान्यातला नव्हे."

"मग मांजराला काय उपेग?" असं म्हणून त्यांनी तो रकाना कोराच ठेवला.

"वय?"

"एकोणसत्तर."

"मग पिल्लू न्हाय देणार. पिल्लू पंधरा-सोळा वर्षं जगतंय. तुमी?"

मी प्रामाणिकपणे हिशेब करायला लागलो. वडील किती जगले, आजोबा किती, माझा रक्तदाब किती. तेवढ्यात सुनंदा म्हणाली, "पिल्लू नको."

"मग ह्यो घ्या," आक्का म्हणाल्या. "तुमचं नि ह्याचं टायमिंग बसतंय!"

कोपऱ्यातल्या पोत्यावरून एक करडा बोका उठला. वय अंदाजे आठ. दात बहुतेक पडलेले. मागचा डावा पाय वाकडा जुळलेला. मूत्रपिंडं निम्मी निकामी आणि वर ब्लडप्रेशर. तो लंगडत आला, माझ्या बुटावर हनुवटी ठेवली आणि झोपला.

छत्तीस वर्षं माझ्यासमोर मुलं झोपली. पण इतक्या विश्वासानं कुणीच नाही! मी म्हटलं, "हाच."

आक्कांनी अट घातली. महिनाभर ठेवून बघायचं. दर रविवारी त्या स्वतः येऊन वजन करणार. आज तीन किलो दोनशे आहे. पावणेतीनच्या खाली गेला की परत. "तुमी चांगले लोक हाव," त्या म्हणाल्या, "पर चांगल्या लोकांकडंच मांजरं लई मरतात."

* * *

आक्का मांजरांची नावं ठेवण्यात वेळ घालवत नाहीत. जिथं सापडलं तेच नाव. शेडमध्ये एक 'एटीएम' होती, एक 'पाणीटाकी', आणि गड्ड्याच्या यात्रेत, गर्दीत सापडलेला एक 'गड्डा'. आमचा बोका मोहोळच्या पुढे पुणे रस्त्यावर मधल्या कण्हेरीच्या झुडपांत सापडला होता. म्हणून त्याचं नाव डिव्हायडर.

सुनंदाला हे नाव पसंत नव्हतं. ती शाळेत मराठी शिकवायची. तिनं 'नीलकंठ', 'मल्हार' वगैरे सुचवून बघितलं. आक्का म्हणाल्या, "घरी काय बी म्हना. फाइलीवर डिव्हायडरच ऱ्हाणार. गोळ्या त्याच नावानं चालू हाईत."

या फाइलीचा प्रताप पुढच्याच आठवड्यात कळला. डॉक्टर बिराजदारांच्या दवाखान्यात जनावराच्या नावापुढे मालकाचं आडनाव लावायची पद्धत आहे. मी बाकावर पिंजरा मांडीवर घेऊन बसलो होतो. एका बाजूला शेळी, दुसऱ्या बाजूला कोंबडी घेतलेल्या आजीबाई. समोर माझा एक जुना विद्यार्थी आपला कुत्रा घेऊन आलेला. तो उठून पाया पडला, माझ्याविषयी दोन चांगले शब्द आजीबाईंना सांगत होता, तेवढ्यात आतून मोठ्यानं पुकारा झाला, "डिव्हायडर देशमाने!"

मी उठलो.

आजीबाईंनी विद्यार्थ्याला विचारलं, "ह्यांचंच नाव व्हय रं?"

बिराजदार डॉक्टर माणूस उत्तम. पण सारी नोकरी गुराढोरांत काढलेली, मांजरांकडे ते निवृत्तीनंतर वळले. त्यांनी डिव्हायडरच्या पोटाला हात लावला, डोळे तपासले, गंभीर झाले आणि विचारलं, "रवंथ करतोय ना व्यवस्थित?"

मी गोंधळलो. खरं सांगायचं तर मला वाटलं, हे आपल्याला माहीत असायला हवं होतं. म्हटलं, "लक्ष ठेवलं नाही, डॉक्टर. आजपासून ठेवतो."

"सॉरी सर, जुनी सवय," ते म्हणाले. "पण तुम्ही 'नाही' म्हणायला हवं होतं हो!"

* * *

त्यांनी ब्लडप्रेशरची चालू गोळी पुढे लिहून दिली. रोज गोळीचा आठवा भाग.

आता मला सांगा, राईपेक्षा जरा मोठ्या गोळीचा आठवा भाग करायचा कसा? सुनंदा म्हणाली, "सुरीनं." मी म्हटलं, "आणि चूक किती टक्के येईल?" ती स्वयंपाकघरात निघून गेली.

मी नवं ब्लेड आणलं. भिंग आणलं. काळ्या कागदावर गोळी ठेवली. पहिल्याच दाबाला निम्मी गोळी उडाली ती आजवर सापडली नाही. दुसरीचे आठ तुकडे झाले, पण त्यांतले तीन मोठे आणि पाच लहान. मग मी गोळीची पूड करून तिचे आठ सारखे ढीग लावायचं ठरवलं. चाळीस मिनिटं लागली. आठ ढीग असे देखणे जमले की मी सुनंदाला बघायला बोलावलं.

तिच्या मागोमाग डिव्हायडर आला, टेबलावर चढला आणि शिंकला.

पण खरा घोळ पुढच्या आठवड्यात झाला. मला स्वतःलाही ब्लडप्रेशरची तीच गोळी आहे, फक्त अख्खी. सकाळी चहाबरोबर माझी, नाश्त्यानंतर त्याची. त्या दिवशी गोळी गिळल्यावर मला वाटलं, घशाला काही लागलंच नाही. म्हणजे मी आठवा भाग घेतला! म्हणजे अख्खी कुणी खाल्ली? तडक बिराजदारांना फोन.

"डॉक्टर, गोळ्यांची अदलाबदल झाली असावी."

"तुम्हाला काय होतंय?"

"धडधड."

"आणि बोक्याला?"

"तो झोपलाय."

"शांत झोपलाय?"

"अगदी."

"मग त्याच्याकडे बघा आणि तसंच करा," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

अर्ध्या तासानं माझी अख्खी गोळी माझ्याच शर्टाच्या खिशात सापडली. सुनंदा म्हणाली, "बघा, दोघंही ठणठणीत आहात. मलाच आता एक गोळी द्या."

* * *

मग लघवी तपासायची ठरली. नमुना हवा होता, ताजा, स्वच्छ. डिव्हायडर मातीच्या ट्रेमध्ये जायचा, आणि मातीतून नमुना काढायचा म्हणजे काढणार कसा?

आमच्या खालच्या मजल्यावर बनसोडे राहतात. कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते. त्यांच्या म्हणण्यानं जगातला कुठलाही प्रश्न दोन पाने आणि एक वॉशर यांनी सुटतो. त्यांनी अर्ध्या दिवसात एक यंत्रणा उभी केली. वर जाळीचा ट्रे, खाली उतार, उताराच्या टोकाला नळी, नळीखाली बाटली. "सर, इंजिनाचं तेल असंच गोळा करत होतो की आम्ही. थेंब वाया जायचा नाही!"

डिव्हायडरनं यंत्रणेभोवती एक फेरी मारली. जाळीचा वास घेतला. मग लंगडत माझ्या खोलीत गेला. तिथं कपाटाचं दार उघडं होतं आणि खालच्या फळीवर लाल कापडी बांधणीतला माझा पीएच.डी.चा प्रबंध आडवा ठेवला होता. पाण्यातील क्षारांचे मापन. पाचशे बारा पानं.

तो त्यावर चढला. बसला. डोळे मिटले.

मी "अरे अरे" करत धावलो तोवर काम झालं होतं. बनसोडे दारात पाना हातात घेऊन उभे होते. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "सर, चाळीस वर्षांत कुणीतरी त्याच्यात भर घातली म्हणायची!"

सुनंदा भिंतीला टेकून हसत होती. मी तिला म्हटलं, यात हसण्यासारखं काय आहे? ती म्हणाली, "विषयाला धरूनच केलंय हो त्यानं."

* * *

हे सगळं चालू असताना एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. डिव्हायडर खात नव्हता.

पहिल्या रविवारी आक्का आल्या. सुताचे कोन तोलायचा आकड्याचा काटा सोबत आणला होता. डिव्हायडरला टॉवेलात गुंडाळला, टॉवेलाची गाठ आकड्याला अडकवली. बोका झुंबरासारखा लोंबत होता आणि बघत होता माझ्याकडे. तीन किलो ऐंशी.

"काटा बरोबर आहे ना?" मी विचारलं.

आक्का शांतपणे म्हणाल्या, "ह्या काट्यावर आमच्या तीन पिढ्या खाऊन-पिऊन सुखी हाईत, सर. तुमाला शंका हाय?"

शंका मला कायमच असते. मी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणला. त्यावर तीन किलो एकशेवीस भरलं. चाळीस ग्रॅमचा फरक! मी टॉवेलाच्या वजनाचा मुद्दा काढला, काटा शून्यावर आणण्याचा काढला. आक्कांनी ऐकून घेतलं आणि वहीत लिहिलं, 'तीन ऐंशी. सर बोलतात लई.'

बिराजदार डॉक्टरांनी बजावलं होतं, किडनीच्या मांजराचं पोट रिकामं ठेवायचं नाही. दोन दिवस तोंड मिटून बसला तर तिसऱ्या दिवशी काही हातात राहणार नाही. मग आम्ही काय काय केलं! डॉक्टरांनी दिलेला पथ्याचा डबा उघडला. त्यानं वास घेऊन पाठ फिरवली. उकडलेलं चिकन केलं. आमच्या घरात त्याआधी अंडंसुद्धा शिजलं नव्हतं. सुनंदानं नाकाला पदर लावून ते शिजवलं आणि बोक्यानं तिच्याचसारखं तोंड केलं. मी अन्न अडतीस अंशांवर आणून बघितलं, थर्मामीटर लावून. शिकार ताजी असते तेव्हा तेवढीच गरम असते, असं वाचलं होतं. बनसोडे म्हणाले, "सर, त्याला ताप आलाय की चिकनला?"

एकदाच त्यानं आपणहून काही चाटलं. आमच्या ताटातली शेंगाचटणी. मी आनंदानं डॉक्टरांना फोन केला. ते ओरडले, "सर! मीठ! तिखट! तुम्हाला त्याला घालवायचंय का?"

त्या दिवशी मी जेवलो नाही.

दुसऱ्या रविवारी काटा दोन किलो नऊशे चाळीसवर थांबला. आक्कांनी नुसतं लिहिलं. आणि खरं सांगतो, त्या बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तोवर त्या वाकड्या पायाच्या, बोळक्या बोक्याची मला सवय झाली होती. दुपारी मी वाचत बसलो की तो येऊन बुटावर हनुवटी ठेवायचा. मग मी घरात बूट घालून बसायला लागलो. सुनंदानं विचारलं, "कुठं निघालात?" मी म्हटलं, "कुठं नाही." तिनं बुटांखाली जुना पेपर आणून घातला.

* * *

तिसरा रविवार. दोन किलो आठशे दहा. अजून साठ ग्रॅम, की डिव्हायडर परत शेडमध्ये.

मी आक्कांना माझी वही दाखवली. मी रोज बशीसमोर स्टूल टाकून बसत होतो आणि मिनिटामिनिटाची नोंद ठेवत होतो. 'आठ दहा : वास घेतला. आठ चौदा : माझ्याकडे पाहिले. आठ एकोणीस : पुन्हा माझ्याकडे पाहिले. आठ पंचवीस : निघून गेला.' अशी एकवीस दिवसांची पानं. म्हटलं, यात काही सूत्र सापडतंय का बघा.

आक्कांनी वही चाळली. मग म्हणाल्या, "आत्ता बशी लावा बघू."

मी अन्न गरम केलं, थर्मामीटर लावलं, बशी ठेवली, स्टूल ओढलं, पेन उघडलं. डिव्हायडर आला. वास घेतला. माझ्याकडे पाहिलं.

"काय करायलाव, सर?"

"निरीक्षण."

"रोज?"

"रोज. दोन्ही वेळा."

आक्कांनी मांजराकडे बघितलं, स्टुलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग पदर खोचून म्हणाल्या, "सर, चूक माझी झाली. सांगायचंच ऱ्हायलं. ह्यो दोन वर्षं आमच्या शेडात हुता. बाजूला माझ्या भावाचे माग चालतात, बारा माग. त्या आवाजात जेवायची सवय हाय त्याला. हितं कसं, लई शांत हाय. शांततेत खायना झालंय बघा."

मी थक्क झालो. इतकं सरळ कारण, आणि मी थर्मामीटर लावत बसलो होतो!

त्यांनी भावाला फोन करून मागांचा आवाज मोबाइलवर मागवला. मला बजावलं, "मोठा स्पीकर आणा. आवाज फुल्ल. बारीक ठेवला तर काय उपेग न्हाय. खोलीचं दार लावून घ्या. अर्धा तास. दोन टाइम."

"आणि नोंद?"

"जमलं तर ठेवा की," आक्का म्हणाल्या.

बनसोड्यांनी त्यांच्या जुन्या वस्तीतल्या जयंतीच्या मंडळाचा स्पीकर मागून आणला. संध्याकाळी मी बशी ठेवली, स्टूलावर बसलो आणि बटण दाबलं.

बारा माग एका दहा बाय बाराच्या खोलीत! खटक-फटक, खटक-फटक! खिडकीची तावदानं थरथरायला लागली. माझी कवळी थरथरायला लागली. मी नोंद करायला गेलो तर अक्षर असं उमटलं की वाचताच येईना. दोन मिनिटं काढली असतील. मग मी दार ओढून बाहेर पडलो. हॉलमध्येही बसवेना. शेवटी मी आणि सुनंदा जिना उतरून आवारातल्या बाकावर जाऊन बसलो. वरून सगळी इमारत विणत होती.

बनसोडे शेजारी येऊन बसले. म्हणाले, "सर, चादरी काढताय की टॉवेल?"

अर्ध्या तासानं वर गेलो. दार उघडलं. बशी रिकामी! चाटून लख्ख केलेली. डिव्हायडर पंज्यानं तोंड पुसत होता.

मी सुनंदाला हाक मारली. ती म्हणते मी रडत होतो. मला तसं आठवत नाही.

चौथ्या रविवारी काटा तीन किलो साठवर गेला. आक्कांनी वहीतलं पान फाडून माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "ठेवा. आता तुमचाच."

सोसायटीनं मला नोटीस दिली. 'रहिवासी इमारतीत उद्योग चालवण्याबाबत'. मी सभेत उभा राहून डॉक्टरांची चिठ्ठी वाचून दाखवली. शेवटी सकाळी नऊ आणि संध्याकाळी सहा, प्रत्येकी वीस मिनिटं, असा ठराव झाला. तो ठराव अजून आहे. मी पुढे ज्येष्ठ नागरिक मंडळात 'ध्वनी आणि भूक' या विषयावर पाऊण तास बोललोसुद्धा. फळ्यावर वजनाचा आलेख काढला. लोकांनी प्रश्न विचारले. एका गृहस्थांनी त्यांच्या नातवासाठी आवाजाची प्रत मागून घेतली.

अशी पाच वर्षं गेली. रोज दोन वेळा माग, रोज दोन वेळा आम्ही दोघं खाली बाकावर. डिव्हायडर किडनी सांभाळून, आठवा भाग गोळी खाऊन, साडेतीन किलोचा झाला.

गेल्या वर्षी बिराजदार डॉक्टरांची मुलगी शिकून दवाखान्यात आली. हुशार मुलगी. तिनं डिव्हायडरला नाकापासून शेपटीपर्यंत तपासलं. नवं दिव्याचं उपकरण लावून कानांत बघितलं, डावा, उजवा, परत डावा. मग त्याच्यामागे गेली आणि स्टीलचा ट्रे फरशीवर आपटला.

मी खुर्चीतून उडालो. बाहेर शेळी ओरडली. डिव्हायडर पंजा चाटत होता. त्याचा कानसुद्धा हलला नाही.

"काका, हा ठार बहिरा आहे," ती म्हणाली. "लहानपणीच कान पिकून पडदे गेलेत दोन्ही. तुमच्याकडे यायच्या कितीतरी आधी."

मी तिच्या वडलांकडे पाहिलं. ते जरा ओशाळले. "सर, मी किडनी बघत होतो. आणि म्हशीला ऐकू येतं का, हे आजवर कुणी विचारलंच नाही हो मला!"

आम्हालाही कधी शंका आली नव्हती. मला, जो काट्यावरच्या टॉवेलावर शंका घेतो! हाक मारल्यावर मांजर येत नाही, यात विशेष काय, असंच आम्ही समजत होतो.

घरी आलो. पिंजरा खाली ठेवला. बूटही न काढता आक्कांना फोन लावला. हे संभाषण मला शब्दन् शब्द आठवतं, कारण फोन स्पीकरवर होता आणि सुनंदा साक्षीला आहे.

"आक्का, डिव्हायडरला ऐकू येत नाही."

"व्हय."

"व्हय म्हणजे? तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासनं. शेडात समद्यांना ठाऊक हाय."

"मग मागाचा आवाज कशाला लावायला सांगितलात?"

पलीकडे कुठलं तरी मांजर ओरडलं. आक्कांनी त्याला तेलुगूत काहीतरी सुनावलं आणि मग मला म्हणाल्या,

"तुमाला येत हुतं की ऐकू, सर!"